काशामावशीच्या विहिरीवर टर्बोचा कायदा

चहा घ्या आधी. बशीत ओतून घ्या, फुंकून घ्या, कसाही घ्या, पण हातात काहीतरी असू द्या. मी आज माझ्या अकलेचे तारे कसे तुटले ते सांगणार आहे, आणि रिकाम्या हातानं बसलाव तर कुणीतरी कपाळावर हात मारून घ्याल. स्वतःच्या नाही, माझ्या.

हसू आलं तर हसा. मी मात्र हा किस्सा सांगायच्या आधी गफूरभाई आसपास नाही ना, एवढं बघून घेतो.

तर साल कोणतं? लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते साल. साऱ्या देशानं ती रेल्वे टीव्हीवर बघितली. आमच्या गावाकडं रेल्वे येणं शक्यच नव्हतं, एसटी यायची तीच उपकार केल्यासारखी. उदगीरहून जळकोटकडं निघालं की रस्त्यापासून आत आमचं गाव. गावची विहीर कोरडी, बोअर कोरडे, ओढ्यात पाण्याऐवजी धूळ. जनावरं छावणीत, आणि माणसं आभाळाकडं बघत बसलेली.

त्यात अजून एक गंमत. उदगीर जिल्हा होणार, उदगीर जिल्हा होणार, असा बोभाटा. तालुक्यात माझं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. पाटी रंगवणाऱ्याला मी म्हणलं, "तालुका कशाला लिहितो रे? जिल्हा उदगीर असंच लिही. होणारच हाय." त्यानं लिहिलं. अजून तसंच आहे. गिऱ्हाईक विचारतं, "मन्मथअप्पा, कधी झाला जिल्हा?" मी म्हणतो, "तू पार्ट घे आन् निघ."

एवढ्यावरून तुम्हाला माझा स्वभाव कळला असेल. जे अजून झालेलं नाही, ते झालंच म्हणून चालायचं.

आता दुसरी खोड सांगतो. मला मोटारींच्या शर्यतीचं येड. कुठून लागलं? रद्दीतून! दुकानात पार्ट बांधायला रद्दी आणायचो, त्यात एकदा गाड्यांच्या शर्यतीच्या मासिकांचा गठ्ठा आला. पार्ट बांधायचे राहिले, मी वाचतच बसलो. मग केबलवर बघायला लागलो. कुठल्या इंजिनाला किती सिलिंडर, कुणाला कोणत्या नियमानं बाद केलं, सगळं तोंडपाठ. पण एक सांगू? आयुष्यात पाना हातात धरलेला नाही. ट्रॅक्टरचा कोणताही पार्ट नंबरानं सांगतो, तो बसवायचा कुठं ते मात्र मेकॅनिकला विचारा.

असो. गावाचं पाणी कुठून यायचं? ओढ्यापलीकडं तीन किलोमीटरवर काशामावशीचं रान. मावशी एकटी, विधवा बाई, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि जिभेवर निखारा. तिच्या एकटीच्या विहिरीला पाणी राहिलं होतं. तिनं स्वतःहून सांगितलं, "माझ्या उसाला न्हाई, माणसाला देते. घेऊन जावा." असं म्हणणारं माणूस त्या साली शोधून सापडलं नसतं.

गावात पाच गल्ल्या, पाच ट्रॅक्टर, पाच टँकर. आठला लाइट यायची, मावशी मोटार चालू करायची. तीन टँकर भरले की पाइप नुसती हवा ओढायचा. मावशी मोटार बंद करायची. उरलेले दोन टँकर शिव्या देत रिकामे माघारी.

मग काय होणार? पहिल्या तिघांत नंबर लागावा म्हणून रोज सकाळी शर्यत! तशात बैलांच्या शर्यती कोर्टानं बंद केलेल्या, गड्यांच्या अंगात खुमखुमी साचलेली. ट्रॅक्टर असे पळवायचे की रिकामा टँकर मागं ढोलासारखा वाजायचा.

आणि जिंकायचं कोण? ज्याच्या ट्रॅक्टरला टर्बो, तो. सरपंच व्यंकटराव यांचा ट्रॅक्टर नवा, टर्बोवाला. त्यांच्या दोन भावकीवाल्यांचेही तसलेच. टर्बो म्हणजे काय, हे बायकोला मी असं सांगितलं होतं: चुलीला फुंकणी असते की न्हाई? तशी इंजिनाची फुंकणी. इंजिनाचाच धूर जाता जाता एक पंखा फिरवतो, तो पंखा जास्तीची हवा आत कोंबतो. जास्त हवा, जास्त जाळ, जास्त ताकद.

आमच्या गल्लीचा टँकर गफूरभाईकडं. त्याचा ट्रॅक्टर त्याच्या वडिलांच्या काळातला. फुंकणी सोडाच, त्याला धाप लागलेली. चढ आला की गफूरभाई स्वतःच पुढं वाकून जोर लावायचा. चाळीस घरं त्याच्या टँकरकडं डोळे लावून बसायची, आणि तो रोज पाचवा. चार दिवस गल्लीत टँकरचा थेंब आला नाही. बायका रानोमाळ फिरून डोक्यावर पाणी आणायच्या, तेही गढूळ.

पाचव्या दिवशी विहिरीवरच जुंपली. गफूरभाई आणि सरपंचाचा ड्रायव्हर, एकाच्या हातात जॅकचा दांडा, दुसऱ्याच्या हातात दगड. काशामावशी मधी उभी राहिली आणि म्हणाली, "आजच्यानं सोडते. पुन्हा माझ्या विहिरीवर कुणाचं रगत सांडलं, तर मोटारीला कुलूप. मग महादेव जरी प्यायला आला तरी देणार न्हाई."

गावाचं तोंडचं पाणी पळालं. म्हणजे होतं तेवढं. दुपारी पारावर सभा बसली.

आणि इथं, मंडळी, मी उठलो. कुणी बोलावलं नव्हतं हां.

"शरणार्थ!" मी हात जोडले. "ह्याच्यात भांडायचं कारण न्हाई. सगळ्या दुनियेत हेच झालंय."

"काय झालंय?" सरपंच म्हणाले.

"टर्बोवाले पुढं, बिनटर्बोवाले मागं. परदेशात मोटारींच्या शर्यतीत हाच घोळ झाला होता. मग त्यांनी नियम केले."

"कोणते नियम?"

"पहिला नियम, टर्बो पाहिजे तर इंजिन निम्म्या आकाराचं."

"म्हणजे माझा ट्रॅक्टर मधून कापायलाव का अप्पा?"

पार हसला. मी हसलो नाही, जाणकार माणूस हसत नाही. म्हणलं, "पुढं त्यांनी टाकीतल्या तेलावर बंधन घातलं. मग हवेच्या दाबावर घातलं. शेवटी टर्बोवर बंदीच आणली. आपल्याला बंदी नको. आपण इंजिनाच्या नाकात कडी घालू. बारक्या भोकाची चकती. हवा कमी जाईल, टर्बोचा माज उतरेल, आन् पाचही ट्रॅक्टर सारखे पळतील. सगळ्याला समान संधी!"

सरपंच जरा कचरले. मी शेवटचा खिळा ठोकला, "उद्या जिल्हा व्हायलाय. जिल्ह्याच्या गावासारखं वागायचं का नाही?"

हे लागू पडलं. टाळ्या पडल्या. सरपंचांना नाही म्हणता येईना. मला तिथल्या तिथं 'तपासणी प्रमुख' नेमलं. आयुष्यात मला कुणी प्रमुख केलं नव्हतं, छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायला आलं.

घरी येऊन बायकोला, शांताला, सगळं सांगितलं. ती रिकामे हंडे पालथे घालत होती.

"मंग आपल्या टँकरला पाणी मिळंल?"

"मिळायची संधी मिळंल."

"संधी हंड्यात घालता येती का?"

तुम्हीच सांगा, अशा बायकोला तांत्रिक गोष्टी काय समजावणार?

दुसऱ्या दिवशी उदगीरच्या लेथवर तीन चकत्या करून आणल्या. भोक केवढं ठेवायचं? मासिकात मोटारींचं माप होतं, ट्रॅक्टरचं नव्हतं. मी रुपया ठेवून पेन्सिल फिरवली. तिन्ही टर्बो ट्रॅक्टरच्या हवेच्या पाइपात चकत्या बसवून घेतल्या, वरून तार आवळून शिशाचं सील. लाइटच्या मीटरला असतं तसं.

पण तपासणी प्रमुख तेवढ्यावर कसा थांबेल? म्हणलं, सगळे एकदम सुटले पाहिजेत. मारुतीच्या देवळापुढं चुन्याची रेघ मारली. पाचही ट्रॅक्टर एका रेघेत. मी सील बघायचो, बाजूला व्हायचो, खांद्यावरचा पंचा काढायचो आणि फडकावायचो.

काय देखावा होता सांगू! पहिल्या दिवशी पाचही ट्रॅक्टर खांद्याला खांदा लावून. कोण पुढं, कोण मागं, कळेना. पोरं झाडावर, म्हातारे कट्ट्यावर उभे. प्यायला पाणी नाही, पण ओरडून ओरडून घसे कोरडे करून घेतले. आणि गफूरभाई तिसरा आला! आमच्या गल्लीत टँकर आला! चाळीस घरांच्या बायका धावल्या. त्या दिवशी शांतानं मला अंघोळीला अर्धी बादली दिली. अर्धी! मी त्यात दोनदा अंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी गफूरभाई दुसरा. मला चहाचं बोलावणं तीन घरांतून. मी मनात जळकोटपासून नांदेडपर्यंत टर्बोचे नियम लिहायला घेतले होते.

फक्त एक गोष्ट होती. टर्बोवाले ट्रॅक्टर काळाभोर धूर ओकायला लागले होते. मेकॅनिक मला म्हणला, "अप्पा, डिझेल तेवढंच जायलंय आन् हवा कमी. जळंना ते. धूर करायलंय." मी म्हणलं, "तू गप. परदेशात असंच असतंय." परदेशातल्या त्या गाड्या पेट्रोलच्या होत्या, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्यानं काय फरक पडतो, ते माहीत नव्हतं.

तिसरा दिवस.

ओढ्यावर नळ्यांचा पूल आहे. एक ट्रॅक्टर जाईल एवढाच, कठडा नाही. आधी काय व्हायचं, टर्बोवाले कधीच पुढं निघून गेलेले असायचे. गफूरभाई पुलावर यायचा तेव्हा तो एकटा. हरायचा, पण सुखानं हरायचा. आता माझ्या कृपेनं पाचही जण पुलावर एकाच वेळी पोचले. पुढं तीन ट्रॅक्टरचा काळा धूर, खाली फुफाटा. गफूरभाईला पूल दिसलाच नाही.

मी देवळापाशी उभा होतो. आवाज तिथपर्यंत आला. पंचा हातातच राहिला.

पळत गेलो तर ट्रॅक्टर ओढ्यात आडवा, टँकर त्याच्यावर उलटा, आणि गफूरभाईचा पाय मडगार्डखाली. सरपंचांनी आपल्या हातानं माती उकरली, ड्रायव्हरनं जॅक लावला. चार दिवसांपूर्वी त्याच जॅकचा दांडा तो गफूरभाईवर उगारत होता, आता रडत होता. पाय दोन ठिकाणी मोडला होता. जीपमध्ये घातलं, उदगीरला नेलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानं फक्त विचारलं, "अप्पा, गल्ली में पानी आया क्या?"

मी हातातल्या पंच्यानं त्याच्या तोंडावरची माती पुसत राहिलो.

काशामावशीनं शब्द पाळला. रगत विहिरीवर नाही, पुलावर सांडलं होतं, पण तिनं तेवढा फरक केला नाही. मोटारीला कुलूप.

मंडळी, पुढचे तीन दिवस हसण्यासारखे नाहीत. गावात टँकर नाही. शेजारच्या गावी पाण्याला गेलेल्या बायकांना तिथल्या लोकांनी हाकलून दिलं. माणसं ओढ्यात खड्डे उकरून वाटीवाटीनं पाणी काढायला लागली, खड्ड्यावर पुन्हा भांडणं. लोक पाव्हण्याला दारातूनच परत पाठवायला लागले. आमच्या गल्लीतली एक म्हातारी मला बघून तोंड फिरवायची. मी दुकानाला जायचो नाही, घरात बसायचो. शांता रोज रिकामे हंडे माझ्यापुढं पालथे घालायची.

चौथ्या दिवशी मी काशामावशीकडं गेलो. एकटा. हातात त्या तिन्हींतली एक चकती.

मावशी बाभळीखाली बसली होती. मी पाया पडलो आणि, तुम्हाला खोटं वाटेल, तिथंही सुरू झालो. "मावशी, चूक माझी हाय. भोक बारकं पडलं. अजून चार मिलीमीटर मोठं ठेवलं असतं तर धूर झाला नसता. आन् पुलाच्या अलीकडं एक रेघ मारायला पाहिजे होती, तिथून पुढं कुणी कुणाला मागं टाकायचं न्हाई असा नियम..."

तिनं चकती हातात घेतली, डोळ्याला लावली आणि भोकातून माझ्याकडं बघितलं.

"मन्मथा, मला एक सांग. तुम्ही पळत का येत होतात?"

"म्हणजे? पहिल्या तिघांनाच पाणी हाय न मावशी."

"कोण म्हणलं?"

"तीन टँकर झाले की पाइप हवा ओढतो की! रोज बघायलोय."

"ओढतो. झऱ्यातून पाणी यायला दोन घंटे लागतात. दोन घंट्यांनी पुन्हा दोन टँकरचं पाणी साचतंय. लाइट चारपर्यंत असती. माझ्या विहिरीत पाच टँकरचं पाणी हाय रोज. पाच!"

मी बोटांवर मोजून बघितलं.

"मंग मावशी, सांगितलं का न्हाई?"

"रोज सांगत होते! मोटार बंद केली की म्हणायचे, बसा जरा, दम खावा, घाई करू नका. कुणी बसलं का?"

अहो, म्हणायची की! रोज म्हणायची! पण आपल्याकडं निघालेल्या पाव्हण्याला कोण 'बसा जरा' म्हणत नाही? घरात चहापत्ती नसली तरी म्हणतात. आणि आपण काय म्हणतो? 'नको नको, घाईत हाय.' मागं राहिलेले दोघे रोज तेच म्हणून, रिकामा टँकर घेऊन, शिव्या देत माघारी जायचे. थांबायला कुणी सांगत असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि मी? मी इंजिनाची ताकद विचारली, हवेचं भोक मोजलं, सुटायची रेघ मारली, शिशाचं सील ठोकलं. ज्या विहिरीसाठी हे सगळं, तिच्यात पाणी किती, हे एका माणसाला विचारलं नाही. पाच टँकर, पाच टँकरचं पाणी, आणि मी त्यांची शर्यत चांगली कशी रंगेल ते बघत होतो.

मावशी चकती परत देत म्हणाली, "कुलूप काढते. पण पळत येणाऱ्याला पाणी न्हाई. ज्याला जी येळ दिली, त्यानं त्या येळेला चालत यायचं."

झालं. सकाळचे तीन टँकर सरपंच आणि भावकीचे. दुपारी एक टँकर चौथ्या गल्लीचा. शेवटचा, तीन वाजता, आमचा. टर्बोच्या चकत्या काढून टाकल्या. भांडण नाही, धूर नाही.

आता प्रश्न आला की गफूरभाईचा ट्रॅक्टर चालवायचा कोणी? ओढ्यातून काढला होता, थोडा ठोकठाक करून चालूही झाला. गफूरभाई प्लास्टरमध्ये, घराच्या ओट्यावर बाजेवर पडलेला. गल्लीतल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. बरोबरच होतं त्यांचं. मी म्हणलं, "मी चालवतो."

चालवता येतो का? नाही म्हणायला, मासिकात वाचलं होतं.

दोन वाजताच निघालो, म्हणलं घंटाभर आधी निघालेलं बरं. पहिल्या गिअरवर. दुसरा कुठं असतो ते सापडलं नाही. गावाबाहेर पडेपर्यंत अर्धा घंटा गेला. मग तो पूल आला. आणि काय सांगू, तिथं मी ब्रेकवर पाय दिला तो काढेना. ओढ्यात अजून ऑइलचा काळा डाग होता, गफूरभाईची एक चप्पल पडलेली होती. ट्रॅक्टर चालू ठेवून मी पुलाच्या अलीकडं नुसता बसून राहिलो. पाण्याला निघालेल्या बायका डोक्यावर घागरी घेऊन मला मागं टाकून पुढं गेल्या. जाताना एकजण म्हणाली, "अप्पा, येऊ द्या सावकाश."

शेवटी शांता आली. पुलावर ट्रॅक्टरच्या पुढं उलटी चालायला लागली, हातानं खुणावत, "या. अजून या. डावीकडं घ्या. या." असं करत करत तिनं मला पार नेलं. मला रडू आलं होतं, पण ड्रायव्हरनं रडायचं नसतं म्हणून धरून ठेवलं.

विहिरीवर पोचलो, पाइप टँकरमध्ये सोडला, मावशीनं बटण दाबलं.

मोटार हूं नाही की चूं नाही. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. लाइट गेली होती.

म्हणजे बघा. शर्यत नाही, टर्बो नाही, अडवणारा कुणी नाही, पाणी विहिरीत, नंबर माझ्या नावाचा. साऱ्या गावाला पाणी मिळालं, फक्त माझ्या गल्लीला नाही. रिकामा टँकर घेऊन मी त्याच पहिल्या गिअरवर माघारी आलो. गल्लीत चाळीस घरांचे हंडे रांगेनं मांडलेले. टँकरचा पोकळ आवाज ऐकूनच बायकांनी एकेक हंडा उचलायला सुरुवात केली.

ओट्यावर गफूरभाई कोपरावर उठून बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, टँकरकडं बघितलं, मग आपल्या प्लास्टरकडं बघितलं.

"अप्पा," तो म्हणाला, "टांग मेरी टूटी, और लंगडी चाल तुम्हारी?"